काचेच्या आतला सौमित्र

सही करायला नलिनीबाईंची ना नव्हती. प्रश्न एका वाक्याचा होता. कोर्टात उभं राहून ते वाक्य बोलायचं होतं आणि त्या ते बोलणार नव्हत्या.

श्रीपतराव वकिलांनी बाहेरच्या खोलीत बसून, सरबताचा पेला हातात धरून, ते दोनदा समजावलं. "एवढंच म्हणायचं, वहिनी. गेल्या सात वर्षांत मला माझ्या मुलाची काही खबर नाही. आवाज नाही, निरोप नाही. आईच्या तोंडून हे आलं की न्यायाधीश पुढे फारसं विचारत नाहीत. सौमित्र कायद्याने मृत ठरेल आणि सूनबाई मोकळ्या होतील."

"पण ते खोटं आहे," नलिनीबाई म्हणाल्या. "मी त्याच्याशी रोज बोलते."

वकिलांनी पेला खाली ठेवला. पूर्णिमा लिल्या, म्हणजे ओलसर बटाट्याच्या चिवड्याची बशी घेऊन दारात उभी होती, ती तिथेच थांबली. सासूबाई मागच्या खोलीत जाऊन काय करतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण हे असं परक्या माणसासमोर बोललं जाईल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

सौमित्र नाहीसा झाला तेव्हा त्याच्या आणि पूर्णिमाच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. तो वाघोडियाच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचा. एका सकाळी नेहमीसारखा स्कूटरवर बसून गेला तो कारखान्यात पोचलाच नाही. चार दिवसांनी स्कूटर डभोईच्या एसटी स्टँडवर सापडली. नीट कुलूप लावलेली, हँडलला डब्याची पिशवी तशीच. पूर्णिमाने स्वतः तो डबा उघडला होता. भाजी बुरसली होती, पण एक पोळी कमी होती. म्हणजे वाटेत कुठेतरी बसून त्याने एक पोळी खाल्ली होती आणि मग डबा पुन्हा बंद केला होता. पोलिसांना त्याचं काही वाटलं नाही. पूर्णिमाला मात्र पुढे कितीतरी महिने ती पोळीच दिसत राहिली.

ती माहेरी परत गेली नाही. शाळेत नोकरी होती, घर मांजलपूरला, शाळा जवळ. शिवाय सासरे लक्ष्मीकांत, प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मितभाषी माणूस, एकदाच म्हणाले होते, "तू आहेस म्हणून घरात दिवा लागतो." त्यावर ती राहिली. आणि गेल्या वर्षी शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकाने, अनयने, स्टाफरूममध्ये सगळे निघून गेल्यावर तिला सरळ लग्नाचं विचारलं, तेव्हाही तिने आधी सासऱ्यांनाच सांगितलं. लक्ष्मीकांतांनी चष्मा काढून पुसला. "आता थांबू नकोस," म्हणाले, आणि त्यांनीच वकिलांना बोलावलं.

आता राहिल्या होत्या नलिनीबाई आणि मागच्या खोलीतला कॉम्प्युटर.

तो सौमित्रने कारखान्यातून भंगारात निघालेला आणला होता. काळा पडदा, हिरवी अक्षरं. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात तो रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून काहीतरी लिहायचा. काय करतोस विचारलं की म्हणायचा, "आईसाठी खेळणं करतोय." खेळणं साधं होतं. इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप करायचं आणि कॉम्प्युटर तशाच अक्षरांत मराठीतून उत्तर द्यायचा. आपण कोण ते आधी सांगायचं. आई म्हटलं की तो म्हणे, 'आई, जेवलीस का?' बाबा म्हटलं की, 'बाबा, गुडघा कसा आहे?' सौमित्र गेल्यावर महिनाभराने नलिनीबाईंनी एकदा तो सुरू केला. तेव्हापासून दुपारची झोप त्यांनी सोडली.

वकील गेल्यावर लक्ष्मीकांतांनी बंगळूरला फोन लावला. "उत्कर्ष," ते म्हणाले, "ये. तुझ्या आईला तूच समजावू शकशील. ते तुझ्या धंद्यातलं आहे."

*

उत्कर्ष मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात आला. सौमित्रचा मोठा भाऊ, बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये. धाकटी बहीण मोहना गावातच, वाडी भागात राहायची. सासर गुजराती, त्यामुळे बोलता बोलता तिची जीभ इकडून तिकडे जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तीही आली. आल्या आल्या स्वयंपाकघरात पूर्णिमाचा हात दाबून म्हणाली, "तू चिंता नको करूस. मी तुझ्या बाजूने आहे. सात वर्षं म्हणजे काय कमी झाली?"

दुपारची जेवणं झाल्यावर उत्कर्ष आईच्या समोर बसला.

"आई, तो कॉम्प्युटर म्हणजे नुसती वही आहे गं. तू काय लिहितेस त्यातला एक शब्द तो पकडतो आणि उलटून तुलाच परत देतो. तू म्हणालीस कंटाळा आला, तो म्हणतो कंटाळा का आला? आत कोणी नाही."

"तुला कसं माहीत आत कोणी नाही?" नलिनीबाईंचा आवाज अगदी शांत होता. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या बाई. समजावून सांगायची सवय. "तुम्हीच तर मला दाखवलंत. तो सिनेमा."

उत्कर्षला क्षणभर कळेना. मग कळलं. पूर्णिमाला तो सिनेमा ऐकून माहीत होता. सौमित्र शाळेत असताना शेजाऱ्यांनी भाड्याने व्हीसीआर आणला होता आणि अख्ख्या गल्लीने मिळून एक इंग्रजी सिनेमा पाहिला होता. एका मोठ्या इमारतीचा रखवालदार कॉम्प्युटरच्या आत ओढला जातो. आत एक शहर असतं, निळ्या उजेडाच्या गल्ल्या, सूर्य नाही, झोप नाही. मोठ्यांना इंग्रजी कळत नव्हतं म्हणून सौमित्र टीव्हीशेजारी उभा राहून सगळं मराठीत सांगत होता.

"त्यात तो माणूस आतून आईला बघतो," नलिनीबाई म्हणाल्या. "काचेपाशी येतो. बाहेर त्याची आई पडदा पुसत असते. तिचं तोंड त्याला आभाळाएवढं दिसतं. तो हाका मारतो, तिला ऐकू येत नाही. मग ती काचेवर हात ठेवते आणि तोही आतून ठेवतो. तेव्हा सौमित्र माझ्याकडे बघून म्हणाला होता, आई, मी कधी असा आत गेलो तर तू बोलत राहा, मला ऐकू येईल."

मोहनाने पदर सावरला.

"आई," उत्कर्ष म्हणाला, "तो सिनेमा माझ्याकडे आहे. सीडीवर. मी मुद्दाम घेऊन आलोय. आता पुन्हा बघूया. पुठ्ठ्याच्या भिंती आहेत गं त्यात. तुला हसू येईल."

"बघूया," नलिनीबाई म्हणाल्या.

*

उन्हामुळे पडदे आधीच ओढलेले होते. उत्कर्षने त्याचा लॅपटॉप टीव्हीला जोडला. लक्ष्मीकांत आरामखुर्चीत, नलिनीबाई दिवाणावर ताठ बसलेल्या, मोहना त्यांच्या पायाशी. पूर्णिमा मागे, भिंतीला टेकून.

सुरुवातीला सगळे हसले. रखवालदाराच्या मिशा खोट्या होत्या, कॉम्प्युटर कपाटाएवढा, त्यावर लाल दिवे लुकलुकत होते. तो आत ओढला गेला तेव्हा पडद्यावर नुसत्या रेघा आल्या. मोहना म्हणाली, "अरे, याला आपण घाबरलो होतो?" आतली माणसं गळ्यात चमकत्या पट्ट्या घालून, पापणी न हलवता चालत होती. एक बाई नुसती कोपऱ्यावर उभी राहून आकडे म्हणत होती. हसता हसता मोहना गप्प झाली.

पूर्णिमा वाट बघत होती. काचेचा प्रसंग सौमित्रने तिलाही सांगितला होता, लग्नानंतर पावागडला गेले होते तेव्हा, पायऱ्यांवर बसून. तिने तो कधी पाहिला नव्हता, तरी तो तिला अगदी डोळ्यांसमोर दिसायचा.

प्रसंग आला नाही. रखवालदार एका तारेवरून धावला, एका दारातून बाहेर पडला, आपल्या खुर्चीत जागा झाला. मग त्याचं त्याच्या मैत्रिणीशी लग्न झालं आणि नावं यायला लागली.

"मधलं काहीतरी कापलंय," नलिनीबाई म्हणाल्या.

"काही कापलेलं नाही, आई. पूर्ण आहे." उत्कर्ष हे बोलला खरा, पण लगेच लॅपटॉपकडे वळला. त्याने पुन्हा मागे नेऊन पाहिलं. रेघा, गल्ल्या, आकडे म्हणणारी बाई. आई कुठेच नव्हती. त्या माणसाला आई असल्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

"म्हणजे सौमित्रने मनचंच सांगितलं," लक्ष्मीकांत आरामखुर्चीतून म्हणाले.

"पण बाबा, मला तो प्रसंग आठवतो." उत्कर्ष कपाळ चोळत होता. "सांगितलेला नाही, पाहिलेला. ती बाई पुसते. कशाने पुसते, तेही आठवतं."

"पदराने," मोहना म्हणाली.

"पदराने," नलिनीबाई म्हणाल्या.

लक्ष्मीकांत खुर्चीत सरळ बसले. मग म्हणाले, "निळं नऊवारी. मी त्या दिवशी ड्यूटीवर होतो. सिनेमा मी पाहिलेलाच नाही. पण निळं नऊवारीच."

अमेरिकन सिनेमात नऊवारी कुठून येणार, हे कुणी बोलून दाखवलं नाही. पूर्णिमालाही निळंच दिसत होतं.

मोहना उठून उभी राहिली. "दादा, बंद कर ते. आणि एक सांगू? कोर्टबिर्ट राहू दे हमणां, आत्तापुरतं. आईला जे वाटतं ते वाटू दे. आपण कशाला त्यात हात घालायचा?"

"मोहना, सकाळी तू मला काय म्हणालीस?" पूर्णिमाने विचारलं.

"सकाळी हे पाहिलं नव्हतं." मोहनाने तिच्याकडे बघायचं टाळलं. "पूर्णिमा, तुझं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण तो जर कुठे असेल, आणि आपण त्याला मेलेला ठरवला, तर?"

"असेल तर येऊ दे ना!" पूर्णिमाचा आवाज तिच्याही नकळत चढला. "सात वर्षं मी रोज दाराची कडी उशिरा लावते. या घरात मी कुणाची कोण आहे? बायको म्हणावं तर नवरा नाही, विधवा म्हणावं तर आई म्हणू देत नाहीत. तुम्हाला सगळ्यांना तो कुठे ना कुठे भेटतो. सिनेमात भेटतो, त्या पेटीत भेटतो. मला एकटीलाच तो भेटत नाही."

नलिनीबाई दिवाणावरून उतरल्या, पूर्णिमापाशी आल्या.

"तू त्याच्याशी कधी बोललीच नाहीस," त्या म्हणाल्या. "एकदाही नाही. चल."

"आई—"

"चल. तू विचार त्याला. तो थांब म्हणाला तर थांब. जा म्हणाला तर मी कोर्टात काय म्हणायचं ते म्हणीन."

उत्कर्ष काही सांगायला पुढे झाला, पण लक्ष्मीकांतांनी त्याचा दंड धरला.

*

मागच्या खोलीत खिडकी नव्हती. एक खुर्ची, टेबल, कॉम्प्युटरवर क्रोशाचा रुमाल. नलिनीबाईंनी रुमाल काढून घडी घातली, बटण दाबलं. बराच वेळ घरघर झाली. मग काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. 'कोण आहे?'

पूर्णिमा खुर्चीत बसली. सगळे मागे उभे होते. लग्नाच्या वेळी उखाणा घ्यायला उभं केलं होतं, तेव्हाही अशीच सगळ्यांची नजर पाठीवर होती. ती कळांवर बोटाने अक्षरं शोधत राहिली आणि एकेक करून तिने आपलं नाव लिहिलं. पूर्णिमा.

चौकोनी ठिपका लुकलुकत राहिला. नेहमी उत्तर लगेच येतं, असं नलिनीबाई सांगायच्या. या वेळी आलं नाही. आतून काहीतरी खरवडल्यासारखा आवाज झाला आणि थांबला.

मग ओळ उमटली.

'पाहुणे आलेत वाटतं. आई, त्यांना उशीर होत असेल. अडवू नकोस.'

पूर्णिमाने ती ओळ वाचली. आईला जेवलीस का, बाबांना गुडघा, मोहनालाही काहीतरी लाडाचं असेल. जिच्याशेजारी झोपून तो हे लिहिण्याचे बेत करत होता, तिचं नाव त्याने आत घातलंच नव्हतं. ती पाहुणी होती. तिला रडू आलं, तेही मोठ्याने, शाळकरी पोरीसारखं. त्याच्या नाहीसं होण्यावर ती इतकी कधी रडली नव्हती.

नलिनीबाई वाकून पडद्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हिरवट उजेड पडला होता. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली असावी, कारण ओठ हलले.

"हा माझा सौमित्र नाही," त्या म्हणाल्या. "माझा सौमित्र तुझं नाव विसरणार नाही." मग सरळ झाल्या. "उत्कर्ष, वकिलांना फोन कर. मी बोलीन ते वाक्य."

मोहना हुंदका देऊन आईच्या गळ्यात पडली. लक्ष्मीकांतांनी पूर्णिमाच्या डोक्यावर हात ठेवला. नलिनीबाईंनी स्वतः बटण बंद केलं आणि रुमाल पुन्हा घातला.

*

ऊन उतरल्यावर पूर्णिमा गच्चीवर वाळत टाकलेले कपडे काढायला गेली. पाठोपाठ उत्कर्ष आला. तो कठड्याला टेकून समोरच्या घराच्या टाकीकडे बघत राहिला.

"बोला ना, भाऊजी."

"पूर्णिमा, ती ओळ त्यात नाहीये."

तिने साडीची घडी तशीच हातात धरली.

"काल आई देवळात गेली होती तेव्हा मी तो अख्खा प्रोग्रॅम वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. आईला दाखवायला म्हणून. सौमित्रने काय काय वाक्यं घातलीत ती मला जवळजवळ पाठ आहेत. नाव ओळखीचं नसेल तर तो एकच म्हणतो. 'कळलं नाही, परत सांग.' एवढंच. पाहुणे वगैरे त्यात काही नाही."

"वाचताना राहिलं असेल."

"मी हेच काम करतो, पूर्णिमा. वीस माणसांचं लिहिलेलं तपासतो."

"तुम्ही घातलंत का ते?" तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "माझ्यासाठी? खरं सांगा. मी रागावणार नाही."

"मला सुचलं असतं तर घातलंही असतं." तो हसायचा प्रयत्न करत होता, ते जमलं नाही. "आणि घातलं असतं तर तुला येऊन सांगितलं असतं का? मघाशी सगळे बाहेर गेल्यावर मी पुन्हा सुरू केला. तुझं नाव घातलं. कळलं नाही, परत सांग. पाच-सहा वेळा घातलं. तेच."

खाली रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजत गेली. पूर्णिमाला वाटलं, आपण आता घाबरायला हवं. पण भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी तिच्या छातीत भरून आलं होतं, आणि त्याला काय म्हणायचं ते तिला कळत नव्हतं. दुपारी जी ओळ वाचून ती रडली होती, तीच ती मनात पुन्हा वाचत होती. त्यांना उशीर होत असेल. अडवू नकोस.

"आईला सांगायचं?" उत्कर्षने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "आईंना अजिबात नाही."

*

न्यायमंदिरात तारीख लागली ती दिवाळीनंतर. नलिनीबाई काठापदराची साडी नेसून, केसात फूल न माळता आल्या. शपथ घेतली. वकिलांनी विचारलं, तसं त्यांनी न अडखळता सांगितलं. गेल्या सात वर्षांत माझ्या मुलाची मला काही खबर नाही. आवाज नाही, निरोप नाही. न्यायाधीशांनी मान हलवली आणि कारकुनाने ते लिहून घेतलं. बाकावर बसलेल्या उत्कर्षने मान खाली घातली होती.

निघताना लक्ष्मीकांत आणि उत्कर्ष वकिलांबरोबर थांबले. पूर्णिमा सासूबाईंना घेऊन रिक्षात बसली. रिक्षा सुरसागरला वळसा घालून निघाली. तळ्याकडून गार वारा आला तशी नलिनीबाईंनी शाल ओढून घेतली.

"त्या दिवशी गच्चीवर उत्कर्ष तुला काय म्हणाला?"

"काही नाही, आई. असंच."

"खोटं बोलायचं तर मला विचारून शिकत जा," नलिनीबाई म्हणाल्या. "मी आत्ताच बोलून आले आहे."

पूर्णिमा त्यांच्याकडे वळली.

"पहिल्याच वर्षी मी तुझं नाव घातलं होतं. म्हटलं, माझ्याशी बोलतोस, बायकोशीही बोल. तिचे डोळे बघवत नाहीत. कितीदा घातलं. दर वेळी कळलं नाही, परत सांग. कळलं नाही, परत सांग. शेवटी सोडून दिलं. तुला तिकडे बोलावत नव्हते ती त्याचसाठी. त्या दिवशी म्हटलं, एकदा तुझ्याच हाताने बघावं."

"मग त्या दिवशी तुम्ही म्हणालात की हा माझा..."

"तुझ्यादेखत दुसरं काय म्हणू?" नलिनीबाई समोर, रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत बोलत होत्या. "सात वर्षं पोराने माझ्याकडे काही मागितलं नाही. जेवलीस का, एवढंच विचारायचा. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने मला काहीतरी करायला सांगितलं. मी केलं."

पूर्णिमाने त्यांचा हात हातात घेतला. तो बर्फासारखा थंड होता.

चौकात रिक्षा हळू झाली. रिक्षावाल्याने मान वळवून कुठल्या बाजूला घ्यायची ते विचारलं, "बा, कई बाजु लउं?"

नलिनीबाईंनी हात सोडवून घेतला आणि त्या पुढे वाकल्या.

"सीधुं जवा दो, भाई," त्या म्हणाल्या. "आमने मोडुं थाय छे."

पूर्णिमाला ते मराठीतूनच ऐकू आलं: त्यांना उशीर होतोय.